जुन्या गेम बॉय कार्ट्रिजमधली सेव्ह उडते तेव्हा: नवख्यांसाठी मार्गदर्शक

गेम नीट चालतो, सेव्हही करता येतो, आणि दुसऱ्या दिवशी लावला की पडद्यावर फक्त ‘न्यू गेम’. गेम बॉय, गेम बॉय कलर किंवा गेम बॉय अॅडव्हान्सची जुनी कॅसेट हाती लागलेल्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते. बहुतेक वेळा कार्ट्रिज खराब झालेली नसते. आतला छोट्या नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि तो बदलता येतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते. तुमच्या कार्ट्रिजमध्ये आज ‘कंटिन्यू’ दिसत असेल, म्हणजे जुनी सेव्ह अजून जिवंत असेल, तर ती बाहेर काढून घेतल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नका. जुना सेल निघाला त्या क्षणी सेव्ह जाते आणि गेलेली सेव्ह कोणत्याही उपायाने परत येत नाही. कुणाच्या तरी लहानपणीची पोकेमॉनची टीम त्यात असते. नवा सेल काही रुपयांत मिळतो, ती टीम मिळत नाही.

१. तुमच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह कशावर टिकते ते ओळखा

निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय १९८९ साली बाजारात आला. त्याच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह ठेवण्यासाठी एसरॅम नावाची चिप वापरत. ही चिप वीज मिळते तोवरच लक्षात ठेवते. कन्सोल चालू असताना तिला कन्सोलकडून ५ व्होल्ट मिळतात. कन्सोल बंद झाला की कार्ट्रिजमधलं छोटं सर्किट तिला ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर टाकतं. नुसतं लक्षात ठेवायला एसरॅमला अगदी नगण्य वीज लागते, म्हणून हे सेल पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहूनही जास्त टिकले. आता मात्र त्यांचं वय झालं आहे.

सगळ्या कार्ट्रिजची रचना सारखी नसते, आणि नवखे लोक गोंधळतात ते इथेच. ढोबळ चार प्रकार लक्षात ठेवा.

काही गेममध्ये सेव्हची सोयच नाही. ‘टेट्रिस’ आणि पहिला ‘सुपर मारिओ लँड’ असे आहेत. त्यांच्यात सेल नसतो. दुकानदाराने ‘याचा सेल बदलावा लागेल’ असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरा प्रकार नुसत्या एसरॅमचा. ‘सुपर मारिओ लँड २’, ‘झेल्डा: लिंक्स अवेकनिंग’, पोकेमॉन रेड, ब्लू आणि यलो यात येतात. सेल संपला की सेव्ह गेली, इतका सरळ हिशेब.

तिसरा प्रकार एसरॅम आणि घड्याळ एकत्र असण्याचा. पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या गेममध्ये खरोखरची वेळ चालते: रात्री वेगळे पोकेमॉन भेटतात, ठरावीक वारी ठरावीक गोष्टी घडतात. त्यासाठी कार्ट्रिजमध्ये सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्रिस्टल असतो आणि कन्सोल बंद असतानाही तो त्याच सेलवर चालू राहतो. म्हणून हे गेम रेड-ब्लूनंतर येऊनही त्यांचे सेल बहुधा आधी संपले. तुमच्याकडे गोल्ड किंवा सिल्व्हर असेल आणि सेव्ह अजून टिकून असेल, तर पाचवी पायरी आजच करा.

चौथा प्रकार गेम बॉय अॅडव्हान्सचा. यातल्या बऱ्याच गेमची सेव्ह फ्लॅश किंवा ईईप्रॉम चिपमध्ये राहते आणि तिला सेलची गरजच नसते. काही गेममध्ये मात्र अजूनही एसरॅम आणि सेल असतो. पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये सेल आहे, पण तो फक्त घड्याळासाठी. सेव्ह फ्लॅशमध्ये असते. त्यामुळे सुरुवातीला ‘इंटर्नल बॅटरी हॅज रन ड्राय’ असा निरोप दिसला तर घाबरू नका, सेव्ह शाबूत आहे. फायररेड आणि लीफग्रीनमध्ये सेलच नाही.

२. लक्षणं नीट पाहा

गेम सुरूच होत नाही, निन्टेन्डोच्या नावाच्या जागी काळी पट्टी येते किंवा चित्र विस्कटतं, तर दोष सेलचा नाही. संपर्कपट्ट्या, म्हणजे कार्ट्रिजच्या खालच्या तोंडाशी दिसणाऱ्या सोनेरी पट्ट्या, मळल्या आहेत. नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून पट्ट्या वरून खाली पुसा. बोळा काळा येणं थांबेपर्यंत नवे इअरबड घ्या, मग पूर्ण वाळू द्या. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमटपणाने पट्ट्या लवकर काळवंडतात. तिथे राहत असाल तर कार्ट्रिज सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा.

तोंडाने फुंकर मारू नका. श्वासातला ओलावा पट्ट्यांवर बसतो आणि पुढे गंज धरतो. पॉलिश पेपरही नको, त्याने वरचा सोन्याचा पातळ थर निघून जातो.

गेम चालू आहे तोवर सेव्ह दिसते आणि बंद केल्यावर जाते: सेल संपला. दोन-तीन दिवस टिकते आणि मग जाते: सेल अखेरच्या टप्प्यात आहे, किंवा त्याच्या टॅबचा (सेलला सर्किटशी जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) सोल्डर सैल झाला आहे.

रुबी-सफायरची एक खास गंमत इथेच सांगते, कारण तिच्यापायी लोक विनाकारण कार्ट्रिज उघडतात. बेरीची झाडं वाढायची थांबली, पण ‘बॅटरी संपली’ असा निरोप येत नाही? मग ती गेममधलीच चूक आहे. या दोन गेमच्या सुरुवातीच्या प्रतींमध्ये खेळायला लागल्यानंतर साधारण वर्षभराने ही झाडं गोठतात. सेल बदलून काही होत नाही. फायररेड, लीफग्रीन किंवा एमराल्डला केबलने जोडून दुरुस्ती करता येते.

३. कार्ट्रिज अस्सल आहे ना?

भारतात ऑनलाइन मिळणाऱ्या पोकेमॉनच्या कार्ट्रिजमध्ये नकलींचा सुळसुळाट आहे. नकली कार्ट्रिजमध्ये सेव्ह उडण्याची कारणं वेगळी असतात आणि या लेखातल्या बऱ्याच पायऱ्या तिला लागू पडत नाहीत. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एवढं तपासा.

अॅडव्हान्सच्या अस्सल कार्ट्रिजमध्ये खालच्या फटीतून पाहिलं तर संपर्कपट्ट्यांच्या जरा वर हिरव्या पाटीवर (सर्किट बोर्डवर) निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं. लेबलवर उजेड तिरका पाडा: कारखान्यात दाबून उमटवलेले दोन छोटे आकडे दिसले पाहिजेत. आत चिपच्या जागी काळ्या लाखेसारखा गोल थेंब असेल तर पोकेमॉनच्या बाबतीत ती कार्ट्रिज नकलीच समजा. एमराल्ड विकत घेतल्या दिवसापासून बॅटरी संपल्याचा निरोप दाखवत असेल आणि उघडल्यावर सेलची जागाच नसेल, तर तीही नकली. तिच्यात घड्याळ बसवलेलंच नाही.

नकली कार्ट्रिजवर मेहनत घेऊ नका, असंच मी सांगेन. पैसे परत मिळत असतील तर परत करा.

४. सामान

- ३.८ मिलिमीटरचा गेमबिट ड्रायव्हर, गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या कार्ट्रिजसाठी. अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पात्यांचा छोटा ट्राय-विंग लागतो. ४.५ मिलिमीटरचा गेमबिट टीव्हीला जोडायच्या कन्सोलचा असतो, तो चुकून घेऊ नका.
- टॅब वेल्ड केलेला नवा सेल. साइज पुढे सहाव्या पायरीत आहे.
- तापमान ठरवता येईल असं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचा लेप) आणि डिसोल्डरिंग विक (जुनं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी).
- मल्टिमीटर. अगदी साधा चालेल.
- चिमटा, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड.
- कार्ट्रिज रीडर. जुनी सेव्ह वाचवायची असेल तर हवाच.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत रीडर आणि गेमबिट सोडून सगळं सामान मिळतं. दुकानात ‘टॅबवाला कॉइन सेल’ असं स्पष्ट सांगा. नुसता सेल मागितलात तर घड्याळात घालायचा बिनटॅबचा मिळेल.

५. सेव्ह बाहेर काढून घ्या

कार्ट्रिज रीडर म्हणजे एका बाजूला कार्ट्रिज आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी असलेलं छोटं यंत्र. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू, जोई ज्युनियर आणि जीबी ऑपरेटर ही माहितीतली नावं. पहिल्या दोन्हींवर फ्लॅशजीबीएक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालतं.

पट्ट्या पुसून घ्या आणि मगच कार्ट्रिज रीडरमध्ये लावा. मळलेल्या पट्ट्यांमुळे अर्धवट वाचलेली सेव्ह काहीच कामाची नाही. गेम बॉय आणि कलरच्या कार्ट्रिजला ५ व्होल्ट लागतात, अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला ३.३. काही जुन्या रीडरवर यासाठी हाताने फिरवायचं बटण असतं. अॅडव्हान्सची कार्ट्रिज ५ व्होल्टवर लावाल तर ती कायमची जाऊ शकते, म्हणून लावण्याआधी बटण पाहा.

सॉफ्टवेअरमध्ये गेमचं नाव बरोबर दिसतंय याची खात्री करा. नाव विचित्र अक्षरांत येत असेल तर पुन्हा पुसा. मग सेव्हची प्रत काढा. एकदा नाही, दोनदा काढा आणि दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आहेत का ते तपासा. आकारही पाहा. रेड, ब्लू, यलो, गोल्ड आणि सिल्व्हरची फाइल ३२ किलोबाइटची असते, लिंक्स अवेकनिंगची ८ ची, अॅडव्हान्सवरच्या पोकेमॉनची १२८ ची.

शेवटी ती फाइल संगणकावर एमजीबीए या इम्युलेटरमध्ये (संगणकावर हे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून बघा. तुमच्या पात्राचं नाव आणि तुमची टीम समोर दिसली, की सेव्ह वाचली. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढची पायरी नको.

रीडर नसेल तर? पोकेमॉनच्या बाबतीत लिंक केबलने दुसऱ्या कार्ट्रिजमध्ये ट्रेड करून ठेवता येतं. ज्याच्याकडे निन्टेन्डो ६४ कन्सोल, त्याला गेम बॉयची कार्ट्रिज जोडणारा ट्रान्सफर पॅक आणि पोकेमॉन स्टेडियम हा गेम आहे, तो त्यातही पोकेमॉन ठेवू शकतो. गेममधली तुमची वाटचाल मात्र अशी वाचत नाही, फक्त पोकेमॉन वाचतात.

गेम चालू ठेवून, उघड्या कार्ट्रिजवर गरम आयर्न लावून सेल बदलायचा, अशीही एक युक्ती सांगतात. कन्सोलची वीज मिळत असल्याने सेव्ह टिकते हे खरं. पण हात किंचित हलला की संपर्क तुटतो, शॉर्ट झालं तर कार्ट्रिजसोबत कन्सोलही जातो. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. ओळखीत कुणाकडे रीडर असेल तर चार दिवस थांबा, त्यांच्याकडे जा.

६. उघडा आणि मोजा

स्क्रू काढल्यावर गेम बॉयच्या कार्ट्रिजचा पुढचा भाग थोडा खाली सरकवायचा आणि मग उचलायचा. जोर लावून उचकटलात तर आतल्या प्लास्टिकच्या खाचा तुटतात. अॅडव्हान्सची कार्ट्रिज खालून हलकेच उघडते. उघडल्यावर लगेच मोबाइलने पाटीचा जवळून, स्पष्ट फोटो काढा. सेलची कोणती बाजू वर आहे आणि कोणता टॅब कुठे जोडला आहे हे त्यात दिसलं पाहिजे.

आता मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून सेल मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.५ च्या खाली असेल तर बदलायची वेळ झाली. ३ च्या जवळ असूनही सेव्ह जात असेल तर सेल निर्दोष आहे, दोष पुढे आहे. सरळ नवव्या पायरीवर जा.

सेलवरच त्याचा साइज कोरलेला असतो, तोच घ्या. सीआर१६१६ म्हणजे १६ मिलिमीटर व्यास, १.६ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ म्हणजे २० आणि २.५. गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टलमध्ये सीआर२०२५ असतो. रुबी, सफायर, एमराल्डमध्ये सीआर१६१६. सीआर२०३२ ची क्षमता जास्त म्हणून काही जण गोल्ड-सिल्व्हरमध्ये तो बसवतात. तो ०.७ मिलिमीटरने जास्त जाड आहे. बसवणार असाल तर सोल्डर करण्याआधी कव्हर पूर्ण मिटतंय का पाहा, दाबून मिटवू नका.

एलआयआर२०३२ असं लिहिलेला सेल अजिबात नको. तो चार्जिंगचा असतो, त्याचं व्होल्टेज जास्त असतं, आणि कार्ट्रिजमध्ये त्याला चार्ज करणारं काहीही नाही.

७. सेल बदला

सोल्डरिंग पहिल्यांदाच करणार असाल तर आधी एखाद्या मोडक्या रेडिओच्या किंवा चार्जरच्या पाटीवर हात बसवा. पहिला प्रयोग कार्ट्रिजवर नको.

आयर्न साधारण ३५० अंश सेल्सियसवर ठेवा. जुन्या सोल्डरवर फ्लक्स आणि थोडं नवं सोल्डर लावा. जुनं सोल्डर कोरडं झालेलं असतं, नवं मिसळलं की ते सहज वितळतं. वितळल्यावर चिमट्याने टॅब अलगद उचला. आपणहून उठत नसेल तर ओढू नका. ओढलात तर पाटीवरचं तांब्याचं पॅड उखडून येतं, आणि ते दुरुस्त करणं सेल बदलण्याच्या कितीतरी पट कठीण आहे. दुसरा टॅब असाच सोडवा. मग विकने दोन्ही पॅड सपाट करा, अल्कोहोलने पुसा.

नवा सेल ठेवताना पाटीवरची + आणि − ची खूण आणि तुमचा फोटो, दोन्हींशी पडताळा. सेलच्या ज्या रुंद बाजूवर + कोरलेलं असतं तिचा टॅब + च्या पॅडवर. टॅब दुसऱ्या कुठल्या जोडाला टेकत असेल तर खाली कॅप्टॉन टेप लावा. प्रत्येक टॅबला दोन-तीन सेकंदच आयर्न लावा. जोड चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे, गोळीसारखा वर फुगलेला नाही.

दोन गोष्टी करू नका, कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी. बिनटॅबच्या सेलच्या अंगावर थेट सोल्डर करू नका. लिथियम सेल तापला की फुटू शकतो, डोळ्यांत जाऊ शकतो. आणि जुने टॅब ठेवून नवा सेल चिकटपट्टीने दाबून बसवू नका. एसरॅमला क्षणभर वीज तुटली तरी सेव्ह जाते. चिकटपट्टीचा डिंक सुटतो आणि कार्ट्रिज खिशातून नेताना एकदा हलली तरी पुरे होतं.

काढलेला सेल घरात लहान मुलं असतील तर लगेच त्यांच्या हाताबाहेर ठेवा. नाणेसेल गिळला गेला तर अन्ननलिका जळते, अशा वेळी तडक रुग्णालय गाठावं लागतं. नंतर दोन्ही बाजूंना टेप लावून ई-कचऱ्यात द्या.

८. तपासणी, घाई न करता

मल्टिमीटरने दोन पॅडवर ३ व्होल्ट दिसतात का ते पाहा. कव्हर मिटवा, गेम सुरू करा, नवा गेम थोडा खेळून सेव्ह करा, बंद करा. लगेच पुन्हा चालू करून ‘कंटिन्यू’ दिसलं की लोक खूश होतात. ती तपासणी पुरेशी नाही. पाटीवरचे कपॅसिटर थोडा वेळ एसरॅमला वीज देऊ शकतात, म्हणून सेल नीट जोडलेला नसतानाही सेव्ह टिकल्यासारखी वाटते. कार्ट्रिज कन्सोलमधून काढून रात्रभर बाजूला ठेवा. सकाळी सेव्ह असेल तर काम झालं.

आता रीडरने जुनी फाइल परत लिहा आणि पुन्हा वाचून पडताळा. गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टलमध्ये घड्याळ चुकलेलं असेल. गेम तसं सांगेल आणि वार-वेळ विचारेल, ती भरून द्या.

रुबी, सफायर, एमराल्डमध्ये एक अडचण उरते. नवा सेल लावल्यावर घड्याळ १ जानेवारी २००० पासून सुरू होतं, पण सेव्हला आधीची तारीख आठवत असते. घड्याळ त्या तारखेपर्यंत पोहोचेपर्यंत त्या सेव्हमधल्या बेरी वाढत नाहीत. नवा गेम सुरू केला तर लगेच वाढतात. जुनी टीम जपायची असेल तर या गेममध्ये सेल न बदलणंही शहाणपणाचं आहे, कारण सेव्ह त्याच्याशिवाय सुरक्षितच असते.

९. तरीही सेव्ह टिकत नसेल तर

बहुतेक वेळा जोड कच्चा असतो. फ्लक्स लावून दोन्ही टॅब पुन्हा गरम करा. त्यानेही झालं नाही तर एसरॅम चिपपर्यंत वीज पोहोचते का ते पाहा. गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये ही चिप बहुधा २८ पायांची असते. २८ व्या पायावर धन आणि १४ व्या पायावर ऋण मोजा. कार्ट्रिज कन्सोलबाहेर असताना इथे सेलपेक्षा जरासंच कमी व्होल्टेज दिसलं पाहिजे. काहीच दिसत नसेल तर मधला डायोड, रेझिस्टर किंवा वीज वळवणारी छोटी चिप गेली आहे, नाहीतर एखादी रेघ गंजून तुटली आहे. वीज पोहोचत असूनही सेव्ह जात असेल तर एसरॅमच्या पायांचे सोल्डर पाहा, शेवटी चिप.

हे काम स्वतः जमणार नसेल तर जवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जा. तालुक्याच्या गावातही चांगला हात असलेला कारागीर भेटतो. गेम बॉय त्याने पाहिलेला नसला तरी चालेल, पाटी त्याला कळते. सेल तुम्ही स्वतः न्या आणि त्याला तीन गोष्टी सांगा: आयर्नने काढायचं, हॉट एअर लावायचं नाही; सोल्डर टॅबवर करायचं, सेलवर नाही; आणि टॅब ओढायचा नाही. फोटो मोबाइलवर उघडा ठेवा, काम होईपर्यंत शेजारी थांबा, आणि कव्हर मिटवण्याआधी त्याच्याच मल्टिमीटरने दोन्ही पॅडवरचं व्होल्टेज मोजून घ्या.